मधली ओळ

वीस गुंठ्यांच्या तुकड्याला ठिबक बसवायचं, तर कुंदा होडगेनं नुसता आराखडा काढायला अठरा दिवस घेतले. बाईला दुसरी कामं नव्हती काय, असं कुणी विचारेल. होती की, ढिगानं होती! पण लग्नाआधी तिनं गडहिंग्लजला ठिबकच्या दुकानात दोन वर्षं आखणीचं काम केलं होतं, आणि अशा कामात घाई केली की पुढं काय भोगावं लागतं ते तिनं दुसऱ्यांच्या रानात पाहिलं होतं. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं चौदा ओळी आखल्या, पुसल्या आणि परत आखल्या.

रान आजऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतरणीवर. पीक सर्पगंधेचं. झुडूप गुडघ्याएवढं, पण सगळा जीव त्याच्या मुळीत. ती मुळी वाढलेला रक्तदाब उतरवते, म्हणून औषधांच्या कंपनीला हवी असते. पूर्वी या भागात पाण्याची चिंता कुणी केली नव्हती. पण गेल्या पंधरा वर्षांत पावसानं आपली रीत सोडली. चार महिन्यांचा पाऊस पाच-सहा आठवड्यांत कोसळून मोकळा व्हायचा आणि संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसायचा. पाटपाण्यावर सर्पगंधा जगणार नव्हती. आणि साध्या ठिबकला पुरेल एवढंही पाणी विहिरीत उरत नव्हतं.

म्हणून कंपनीचं यंत्र आलं. त्याचं नाव कानोसा.

आता हे यंत्र काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. झाडाच्या पानांतून पाणी उडतं आणि उडताना मागचं पाणी वर ओढून घेतं. मुळापासून शेंड्यापर्यंत खोडातल्या बारीक नळ्यांत पाण्याचा अखंड धागा ताणलेला असतो. माती सुकली की ताण वाढतो. फारच वाढला की धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि टिक असा आवाज होतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, फार वरच्या पट्टीतला असतो. पोटभर पाणी प्यालेलं झाड तासाला एखादा टिक करतं, तहानलेलं झाड तीस-चाळीस. कानोसा म्हणजे कपड्याच्या चिमट्याएवढी वस्तू. खोडाला लावली की ती टिक मोजते आणि त्यावरून त्या ओळीची झडप उघडते नाहीतर बंद ठेवते. झाडानं मागितलं तरच पाणी. निम्मं पाणी वाचतं.

पण कंपनीला नुसतं पाणी वाचवायचं नव्हतं. तहानेनं झाड हबकतं आणि जिवाच्या भीतीनं मुळीत कडू द्रव्य साठवायला लागतं. तेच कडू द्रव्य म्हणजे औषध. म्हणून कंपनीनं कानोशाला वीस टिकांवर बांधून ठेवलं. झाडाला मरू द्यायचं नाही आणि पोटभर पाजायचंही नाही, दोन वर्षं त्याला तसंच लोंबकळत ठेवायचं. मुळी दुप्पट-तिप्पट कडू. कंपनीत पोत्यापोत्याची तपासणी व्हायची आणि मुळी किती जहाल आहे ते बघून गोळीत तेवढी कमी घालायचे. त्यामुळे तिथं कुणाला धोका नव्हता.

धोका होता तो तात्यांच्या पेराला.

तात्या म्हणजे कुंदाचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ आणि जीभ तिच्याहून ताठ. त्यांच्या वडिलांपासून घरात सर्पगंधा द्यायची रीत होती. कुणाचं डोकं भणभणायला लागलं, कानात गरम वाफा आल्या की माणूस होडग्यांच्या दारात यायचा. तात्या त्याला करंगळी पुढं करायला सांगायचे आणि करंगळीच्या वरच्या पेराएवढा मुळीचा तुकडा मोजून तोडायचे. ज्याचं त्याचं पेर. दांडग्या गड्याला मोठा तुकडा, लहानखुऱ्या बाईला लहान. रोज थोडा दुधात उगाळून सात दिवस घ्यायचा. पैसा घ्यायचा नाही, नारळसुद्धा घ्यायचा नाही. आणि मुळी आपल्याच रानातली पाहिजे, विकत आणलेली चालत नाही. तात्यांच्या हातून असं साठ वर्षं चाललं होतं आणि कुणाचं काही वाईट झालं नव्हतं.

कानोशाचं ऐकल्यावर तात्या जेवता जेवता हात धुऊन उठले.

"औषधाला तहानेलं ठेवणार तुम्ही? आणि ते माणसाला पाजणार? मला न्हाई चालणार."

"तात्या, विहिरीत बघून या एकदा. यंत्र नको म्हणालात तर सगळंच वाळून जाईल."

"माझ्यापुरती एक वळ सोड. कडंची दे, बांधाजवळची. तिला यंत्र लावायचं न्हाई."

कुंदानं शब्द दिला. "तुमच्या ओळीला मी तहान लागू देणार नाही. माझ्या लेकीची शपथ." पण कडेची ओळ द्यायला तिचा जीव होईना. नळ्या अंथरून झाल्यावर तिनं लग्नातल्या चौदा वाट्या आणून एकेका ओळीच्या तोटीखाली ठेवल्या आणि तासभर पाणी सोडलं. टाकी वरच्या अंगाला, त्यामुळे वरच्या वाट्या अर्ध्या राहिल्या आणि खालच्या भरून वाहिल्या. झडपा फिरवून ते नीट करता आलं. पण सातव्या ओळीची वाटी काही न करताच काठोकाठ भरली होती, थेंब कमी नाही आणि थेंब जास्त नाही.

"तात्या, कडेला कशाला जाता? ही मधली घ्या. अख्ख्या रानात हिच्यासारखं पाणी कुठल्या ओळीला नाही."

तात्यांनी वाटी हातात घेऊन निरखून पाहिली. सून आपल्याला सगळ्यांत चांगली ओळ देतेय म्हटल्यावर म्हातारा विरघळला. "बरं, मधली तर मधली," म्हणाले. त्यांची बहीण हौसाक्का बांधावर बसली होती. ती म्हणाली, "दादाला कुणी चांगलं म्हटलं की झालं! उद्या म्हणतील विहिरीत उडी मार, तर विचारील कुठल्या बाजूनं." सगळे हसले. कुंदा तर खूप हसली.

हौसाक्काची ओळख करून द्यायला पाहिजे. पोरवयात विधवा झालेली, एका मुलाला एकटीनं वाढवलेली, त्याच आळीत चार घरं पलीकडे राहणारी बाई. कुंदाचा नवरा गोव्याला बोटीवर, दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा. कुंदाचं बाळंतपण, मुलीची आजारपणं, पुढं मुलगी कोल्हापूरला शिकायला गेल्यावरचं सुनं घर, सगळ्याला हौसाक्का होती. कुंदाला स्वतःची आई आठवत नव्हती. आई म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं हौसाक्काच यायची.

दोन वर्षं गेली. यंत्रानं काम चोख केलं. तेरा ओळी तहानेवर जगल्या, मधली ओळ पोटभर पाण्यावर वाढली. तिची पानं टवटवीत, गर्द हिरवी. तात्या आल्यागेल्याला ती ओळ दाखवायचे. मग त्यांनी पहिल्यांदा तिच्यातली मुळी काढली आणि लोकांना द्यायला सुरुवात केली.

महिनाभरानं एका रविवारी पांडबा सुतार बाजारात उभ्या उभ्या कोसळला. दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, संध्याकाळी उठून बसला. रक्तदाब एकदम खाली गेला होता म्हणे. पांडबा तात्यांची मुळी घेत होता, तो त्याचा चौथा दिवस होता.

सोमवारी सकाळी हे कुंदाच्या कानावर आलं. ती तशीच रानात गेली. मधल्या ओळीलाही तिनं एक चिमटा लावला होता. झडपेशी त्याचा संबंध नव्हता, आपण शब्द पाळतोय याची स्वतःलाच खात्री असावी म्हणून नुसता ऐकायला लावला होता. तिनं मागच्या दोन वर्षांची नोंद फोनवर उघडली. तासाला एक टिक, कधी दोन. तहानेची खूण कुठेच नाही. मग तिची नजर दुसऱ्या रेघेवर गेली. पानांची तोंडं, म्हणजे जिथून पाणी उडतं ती बारीक भोकं, किती उघडी आहेत ते चिमट्याची ही रेघ दाखवायची. शेजारच्या ओळी दुपारी तोंडं मिटून घ्यायच्या, पाणी उडू नये म्हणून. मधल्या ओळीला मिटायचं कारण नव्हतं. तरी तीही रोज त्याच वेळेला मिटत होती.

कंपनीचा पीक-सल्लागार सोहम किल्लेदार. पोरगा हुशार, बोलायला गोड. तिनं त्याला फोन लावला.

"हो ताई, बरोबरच आहे ते," तो सहज म्हणाला. "ओळ ओळीला सांगते. तीन फुटांवर मुळं एकमेकांना भिडतात ना? तहानलेलं झाड मुळांतून रसायन सोडतं. शेजारच्याला कळतं की दुष्काळ येतोय. मग तेही तयारीला लागतं. पाणी असलं तरी."

"तयारीला लागतं म्हणजे?"

"कडू द्रव्य साठवतं. उलट पाणी भरपूर असलं की जास्तच साठवतं, अंगात ताकद असते ना. नव्या रानांत आम्ही हेच करतोय. एक ओळ तहानलेली ठेवायची, शेजारची पाण्यावर, आणि..."

"आणि दोन्ही बाजूंनी तहानलेल्या असल्या तर?"

"मग तर काय, उत्तमच!"

"हे तुम्हाला ठाऊक होतं? मग मला का सांगितलं नाही?"

"ताई, ती ओळ तुम्ही आमच्या कागदात दाखवलीच नव्हती. घरची म्हणाला होतात. आम्ही घरचं तपासत नाही." मग त्याचा आवाज जरा उतरला. "कुणी खातंय का ती?"

कुंदानं फोन ठेवला. दुपारच्या गाडीनं मुळीचा नमुना कंपनीत पाठवला. गुरुवारी कळवतो म्हणाले.

आता सांगा, त्या सोमवारी तिनं काय करायला पाहिजे होतं? घरी जाऊन तात्यांना सांगायचं, एवढंच. वाटेत तिनं तीनदा मनात वाक्य जुळवलं. पण दारात तात्या बसले होते, म्हणाले, "आलीस? चेहरा का उतरलाय गं?" आणि तिची जीभ उचलेना. लेकीची शपथ घेऊन दिलेला शब्द, कडेची ओळ मागणाऱ्याला हट्टानं दिलेली मधली, साठ वर्षांचा त्यांचा हात. अजून खात्री कुठं आहे? पांडबा दारूसुद्धा पितो. गुरुवारी कागद हातात आला की सांगू. तोवर मुळी कुणाला मिळाली नाही म्हणजे झालं.

"तात्या, तुमच्या ओळीवर किडीचं औषध मारलंय. गुरुवारपर्यंत मुळी उपटू नका हां."

"बरं झालं सांगितलंस," तात्या म्हणाले. "न्हाई उपटत."

कुंदाला हायसं वाटलं. खोटं बोलले, पण काम झालं, असं तिला वाटलं, आणि त्या रात्री ती झोपलीसुद्धा.

बुधवारी सकाळी ती रानात होती, तेव्हा हौसाक्का तात्यांकडे आली. आरोग्य केंद्रानं तिला मनगटी पट्टा दिला होता. रक्तदाब बिघडला की तो पिं पिं करायचा. तीन वर्षं तो ओरडला तो फक्त दाब वाढल्यावरच. त्याच्यावरचे आकडे हौसाक्काला वाचता येत नव्हते आणि तिला त्यांची गरजही पडली नव्हती. पट्टा ओरडला म्हणजे वाढला, एवढं तिला पुरायचं. त्या दिवशी पट्टा पहाटेपासून ओरडत होता.

"दादा, लई वाढलाय बघ. अंगात तरतरीच न्हाई. पेरभर दे."

"मागल्या आठवड्यात तर दिली होती की."

"ती संपली. आणि हे बघ कसं कोकलतंय!"

ओळीतली मुळी उपटायची नव्हती. पण सर्पगंधेची मुळी कुणी ओली देत नाही, सावलीत वाळवून डब्यात ठेवलेलीच देतात. डबा भरलेला होता, मागच्या महिन्यात त्याच ओळीतनं काढलेल्या मुळीनं. किडीचं औषध तर परवा मारलेलं! डब्यातल्या मुळीला त्याचं काय? तात्यांनी बहिणीची करंगळी धरली, पेर मोजलं, तुकडा तोडला. शिवाय दाब लई वाढलाय म्हणून तिथंच स्वतःच्या हातानं दुधात उगाळून पाजला.

हौसाक्का घरी गेली. पट्टा थांबेना म्हणून वैतागून तिनं तो काढून कोनाड्यात टाकला. मग उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडायला बसली. दुपारी तिचा मुलगा भैरू जेवायला आला, तेव्हा ती तशीच बसलेली होती, मांडीत सूप. हात लावला तर कलंडली.

कुंदा रानातून धावत आली. लोकांनी हौसाक्काला ओटीवर निजवलं होतं. कोनाड्यात पट्टा दिसला तसा तिनं तो उचलला आणि आकडे बघितले. ते वाढल्याचे नव्हते. पहाटेपासूनचे सगळे आकडे खाली, आणखी खाली, मग नुसती रेघ. तिनं पट्टा मुठीत दाबला आणि हंबरडा फोडला. बायका म्हणाल्या, सख्खी लेक एवढी रडली नसती.

गाव काय म्हणालं? वय झालं होतं. उंबऱ्यात बसल्या बसल्या गेली, असं मरण नशीबवानाला येतं. भैरूही तेच म्हणाला. बहिणीच्या पायापाशी बसून तात्या तिची बोटं चोळत राहिले, गार पडली म्हणून.

गुरुवारी फोनवर कागद आला. नेहमीच्या मुळीच्या साडेचार पट. खाली सोहमनं दोन ओळी लिहिल्या होत्या, की ही मुळी थेट कुणी घेऊ नये, कृपया काळजी घ्यावी.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवस. सुतकात तात्या औषधाला हात लावत नसत. कुंदानं ते तीन दिवस मोजले, आणि खरं सांगायचं तर ते आपल्याला सवडीचे मिळालेत असं तिला वाटलं. डबा तिनं उचलून चुलीत रिकामा केला. मधली ओळ मुळासकट उपटून जाळली. तात्या विचारतील तेव्हा कीड लागली होती म्हणून सांगू. आणि सांगून तरी काय होणार? हौसाक्का परत येणार नाही. म्हातारा मात्र जिवंतपणी मरेल. गोव्याहून नवरा आला होता, त्यालाही ती काही बोलली नाही.

शनिवारी सुतक फिटलं. अंघोळ करून तात्या ओसरीवर बसले तोच गुरवाची चंद्राबाई आली.

"तात्या, मागल्या आठवड्यात दिलेली मुळी संपत आली. आणखी द्याल काय? गुण लई आला. झोप तर अशी लागते, उठावंसंच वाटत न्हाई."

आतल्या दारात कुंदा ऐकत होती. डबा जाळला, ओळ जाळली, पण घरोघरी गेलेल्या मुळ्या? महिनाभरात किती पेरं वाटली गेली असतील? या एवढ्या साध्या गोष्टीवर तिचं मन तीन दिवस गेलंच नव्हतं. ते नुसतं तात्यांना काय सांगू नये याच्याभोवती फिरत होतं.

"चंद्राबाई, ती मुळी घेऊ नका," ती बाहेर येऊन म्हणाली. "घरात उरली असेल तेवढी आत्ता जाळून टाका. आणि इथनं सरळ दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, पण का?"

"विष झालंय तिचं."

चंद्राबाई तोंडाला पदर लावून निघून गेली. मग कुंदानं तात्यांना सगळं सांगितलं. पांडबा, पानांची मिटलेली तोंडं, सोहमचा फोन, पट्ट्यावरचे आकडे, साडेचार पट. सांगताना ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटत होतं.

तात्यांनी एकच विचारलं. "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी," तात्या म्हणाले. ते आपल्या पंजाकडे बघत होते. "आणि मला किडीचं औषध म्हणून सांगितलंस."

"खात्री नव्हती, तात्या. मला वाटलं, गुरुवारी..."

"मी तुझं ऐकलं गं. वळीला हातबी लावला न्हाई. खरं सांगितलं असतंस, तर डब्यातली तरी दिली असती काय मी? माझ्या हातानं उगाळून पाजली तिला. अर्धं दूध ठेवलं होतं तिनं, कडू लागतंय म्हणून. मी म्हटलं, सगळं पी."

कुंदा खाली बसली आणि त्यांचे पाय धरले. तात्यांनी पाय ओढून घेतले. रागानं नव्हे, पण घेतले. मग भिंतीला धरून उठले आणि त्यांनी टोपी घातली.

"ऊठ. किती घरं हाईत ते माझ्या ध्यानात हाय. एकोणतीस. सगळीकडं जायचं."

"तुम्ही बसा. मी जाते."

"हात माझा होता."

आळीत ऊन होतं. तात्या पुढं, कुंदा चार पावलं मागं. तिला वाटलं, आधी सुताराकडे नाहीतर वरच्या आळीला जातील. पण तात्यांनी चार घरं मोजल्यासारखी ओलांडली आणि पाचव्याच्या दारात थांबले. भैरू ओटीवर बसला होता, डोकं नुकतं भादरलेलं, अंगावर नुसता पंचा. मामाला बघून तो लगबगीनं उठला.

"या मामा, टेका. मी आत्ता तुमच्याकडंच यायचं म्हणत होतो. आईचं शेवटचं औषधपाणी तुमच्या हातनं झालं, तेवढंच समाधान बघा." त्यानं मामासाठी घोंगडं पसरलं. "वैनी, तुम्ही उन्हात उभ्या का? वर या, बसा."

तात्या भिंतीला टेकून उभेच राहिले. त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं.

"बसत नाही, भाऊजी," कुंदा म्हणाली. "आधी मी काय सांगते ते ऐकून घ्या. मग बसा म्हणा."